तिकांडं कुठवर आलं?

दिवाळीच्या अंकात फाल्गुन-चैत्राच्या आकाशावर लेख! छापखान्यात दोन अंकांचे कागद एकत्र मिसळले की काय, असे एखाद्या वाचकाला वाटले तर मी त्याला दोष देणार नाही. पण तसे काही झालेले नाही. नरकचतुर्दशीला पहाटे पाचच्या सुमारास आपण उटण्याची वाटी शोधत असतो, मुले पांघरुणातून बाहेर यायला तयार नसतात, त्या वेळी घराबाहेर जे आकाश पसरलेले असते, तेच्या तेच आकाश मार्चच्या मध्याला रात्री आठ वाजता आपल्या डोक्यावर येते. 

हिशेब सोपा आहे. प्रत्येक तारा रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो. दिवसाला चार मिनिटे म्हणजे महिन्याला दोन तास आणि साडेचार महिन्यांत नऊ तास. ऑक्टोबरअखेर पहाटे पाचला जे दिसते, ते मार्चच्या मध्याला नऊ तास अलीकडे, म्हणजे रात्री आठला दिसते. दिवाळी पुढेमागे झाली तर तासाभराचा फरक पडेल, इतकेच. तेव्हा रंगीत तालीम या दिवाळीत करावी आणि खरा प्रयोग वसंताच्या सुरुवातीला लावावा. तेव्हा थंडी ओसरलेली असते, पावसाचे ढग दूर असतात, आणि गच्चीवर बसायला शालसुद्धा लागत नाही.

हे सगळे मी आता मोठ्या रुबाबात सांगतो आहे. पण वर्षापूर्वी मला यातले ओ की ठो कळत नव्हते. आणि मी कॉलेजात मराठी शिकवतो! हजेरी घेताना कितीतरी वर्षे मी रोज अर्धे आकाश पुकारीत आलो आहे. रोहिणी, चित्रा, स्वाती, रेवती, अश्विनी, अनुराधा! प्रत्येक नावाला वर्गातून 'हजर' असे उत्तर येई. त्या नावांचे मूळ मालक आकाशात हजर आहेत की नाहीत, हे मात्र मी कधी मान वर करून पाहिले नव्हते.

'लागतो' म्हणजे काय?

गेल्या पौषातली गोष्ट. वर्गात एक कविता चालू होती आणि तीत मृगाच्या पावसाचा उल्लेख होता. "मृग हे पावसाचे नक्षत्र. ७ जूनच्या सुमारास ते लागते," असे सांगून मी पुढच्या ओळीकडे वळणार, तोच मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. मुलगा खेड्यातला, घरी शेती.

"सर, एक विचारू? फाल्गुनात आम्ही रात्री गव्हाच्या राखणीला जातो, तेव्हा मृग डोक्यावर असतो. पण पाऊस सुरू होतो तेव्हा तो कुठंच नसतो. मग मृग लागतो म्हणजे नेमकं काय होतं?"

"अरे, तेव्हा ढग असतात ना!" मी म्हणालो.

"नाही सर. ढग यायच्या आधीच तो मावळतीला जातो. वैशाख संपेतो दिसेनासा होतो."

वर्ग एकदम शांत झाला. मुलाच्या चेहऱ्यावर खोडीचा लवलेशही नव्हता. त्याला खरोखरच उत्तर हवे होते. "पुढच्या तासाला पाहू," हे अध्यापकांचे जुने अस्त्र मी काढले आणि कसाबसा तास संपवला. पण घरी येईपर्यंत ते उत्तर मलाच टोचत राहिले. स्वातीचा थेंब आणि त्याचा मोती, चंद्राचा रोहिणीवरचा लोभ, यांवर मी तासच्या तास बोललो होतो. त्यातला एकही तारा मला बोट करून दाखवता आला नसता. जन्मात ऊस न पाहता गुळाच्या गोडीवर व्याख्यान देणाऱ्यासारखी माझी गत होती.

घरी आल्यावर आईला विचारले, "आई, मृग कुठला ग?"

"मृग? अरे, तिकांडं! विसरलास?" ती म्हणाली.

आणि एका शब्दासरशी लहानपणची दिवाळी समोर उभी राहिली. गावचे घर, अंगणातली चूल, तिच्यावर पाण्याचा हंडा. आईजवळ गजराचे घड्याळ नव्हते. ती अंगणात जाऊन एकदा वर पाहायची आणि आत येऊन हाक मारायची, "उठा रे, तिकांडं कललं!" आम्ही कुरकुरत उठायचो. तिने वर काय पाहिले, हे विचारायचे आम्हाला कधी सुचले नाही. हाक आमच्या कामाची होती, तारे तिच्या कामाचे होते!

"आत्ता कुठवर आलंय?" आईने विचारले.

मी गॅलरीत जाऊन आलो. समोर इमारत, खाली आवारातला मोठा दिवा. "इथून काही दिसत नाही ग," मी म्हणालो.

"मलाही आता दिसत नाही रे," ती सहज म्हणाली. तिने ऐंशीत पाऊल टाकले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि शस्त्रक्रियेचा विषय काढला की, "या वयात आता काय बघायचं राहिलंय?" असे म्हणून ती तो मोडीत काढीत असे.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात जाऊन शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे 'ज्योतिर्विलास' काढले. दीक्षित (१८५३–१८९८) हे कोकणातल्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा त्यांचा मोठा ग्रंथ विद्वानांसाठी आहे. पण 'ज्योतिर्विलास' त्यांनी तुमच्याआमच्यासाठी लिहिले आणि त्याला दुसरे नाव दिले, 'रात्रीची दोन घटका मौज'. घटका चोवीस मिनिटांची. म्हणजे दीक्षितांनी आपल्याकडे मागितली ती फक्त अठ्ठेचाळीस मिनिटे! तेवढी आपण हल्ली मोबाइलवर कशाकशात घालवतो, याचा हिशेब न केलेलाच बरा.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या जेवणाच्या टेबलावर मिळाले. टेबलाच्या मधोमध एक दिवा ठेवला, बाकीचे दिवे मालवले आणि धाकट्या मुलीला म्हटले, "दिव्याकडे तोंड ठेवून टेबलाभोवती फिर. दिव्याच्या मागच्या भिंतीवर काय दिसतं ते सांगत जा." आधी दिव्यामागे कॅलेंडर आले, मग कपाट, मग आजोबांचा फोटो. "पण बाबा, दिव्याच्या अगदी मागं जे येतं ते नीट दिसतच नाही. डोळे दिपतात," ती म्हणाली. झाले! दिवा म्हणजे सूर्य, फिरणारी मुलगी म्हणजे पृथ्वी आणि भिंतीवरच्या वस्तू म्हणजे नक्षत्रे. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर सूर्याच्या मागे मृग येतो. तो सूर्याबरोबर उगवतो, सूर्याबरोबर मावळतो आणि म्हणून दिसत नाही. शेतकऱ्यांची पावसाची सगळी नक्षत्रे ही अशी सूर्याची नक्षत्रे आहेत. स्वातीचेही तेच. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात 'स्वातीचा पाऊस' पडतो, तेव्हा स्वाती सूर्याच्या शेजारी असते. ती रात्री मिरवते ती चैत्र-वैशाखात.

वर्गात हे सांगितले, तेव्हा तो मुलगा क्षणभर विचारात पडला आणि मग म्हणाला, "म्हणजे सर, मृग आपल्याला लागत नाही, सूर्याला लागतो." इतके नेटके वाक्य मला सुचले नव्हते.

नैऋत्येला तोंड करून

आता प्रत्यक्ष पाहायला लागू. मार्चचा मध्य, रात्रीचे आठ. (फेब्रुवारीअखेर असेल तर नऊ.) गच्चीवर जावे, मोबाइल खिशात टाकावा आणि पंधरा-वीस मिनिटे डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी. विजेरी हवीच असेल तर तिच्यावर लाल जिलेटिनचा कागद बांधावा. मापपट्टी आपल्या अंगालाच आहे. हात लांब करून मूठ धरली की आकाशातले सुमारे दहा अंश झाकतात.

नैऋत्येकडे तोंड करून बऱ्याच उंचावर पाहिले की तीन सारख्या तेजाचे तारे एका ओळीत, जवळजवळ दिसतात. हेच तिकांडे. एकदा पाहिले की ते विसरता येत नाही. सगळ्या आकाशात असे दुसरे त्रिकूट नाही. त्याच्या भोवती चार ठळक तारे चौकोन करतात. ते मृगाचे चार पाय. त्यांपैकी तांबूस तारा काक्षी, आणि तिकांड्याच्या पलीकडच्या बाजूचा निळसर पांढरा तो राजन्य. काक्षीने २०१९ च्या अखेरीपासून काही महिने जगभरच्या ज्योतिर्विदांना घोर लावला होता. तिचे तेज नेहमीच्या निम्म्याहूनही खाली गेले. तारा फुटतो की काय, अशी चर्चा झाली. पुढे कळले की ताऱ्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ होऊन ती मध्ये आली होती. काक्षी पुन्हा पूर्ववत तळपू लागली. तारेसुद्धा अधूनमधून डोक्यावर पदर घेतात म्हणायचे!

आता तिकांड्याची रेघ मनाने डावीकडे वाढवा. ती थेट दक्षिणेला एका लखलखीत ताऱ्यापाशी जाते. तो व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. तीच रेघ उजवीकडे, पश्चिमेला वाढवा. तिथे तांबूस रोहिणी आहे. रोहिणीच्याही उजवीकडे, थोडा खाली एक इवलासा झुपका दिसतो. त्या कृत्तिका. घरातल्या मंडळींची दृष्टी तपासायची असेल तर या झुपक्यातले तारे मोजायला सांगावे. चांगल्या डोळ्यांना अंधाऱ्या जागी सहा दिसतात. कार्तिकेयाला सांभाळणाऱ्या माताही सहाच!

मृग, व्याध आणि रोहिणी यांची कथा ऐतरेय ब्राह्मणात आहे. प्रजापतीने मृगाचे रूप घेतले आणि तो रोहिणीच्या मागे लागला. ती त्याची मुलगी. देवांना हे अकार्य सहन झाले नाही. त्यांनी निर्माण केलेल्या उग्र व्याधाने बाण सोडला आणि मृग विद्ध झाला. तो बाण अजून मृगाच्या पोटात रुतलेला आहे. या बाणाला त्या ग्रंथात काय म्हटले आहे? 'त्रिकांडा', म्हणजे तीन कांड्यांचा. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ तसाच बसलो. माझ्या आईचे शिक्षण चौथीपर्यंत. ऐतरेय ब्राह्मणाचे नावही तिने ऐकलेले नाही. पण त्या बाणाचे नाव मात्र सासवासुनांच्या, आयालेकींच्या तोंडून, अंगणाअंगणातून, अडीच हजार वर्षांहून अधिक काळ चालत येऊन आमच्या चुलीपाशी पोचले होते. 'त्रिकांडा'चे 'तिकांडे'! व्युत्पत्तीचे इतके सुंदर उदाहरण माझ्याच घरात पडून होते आणि मी ते कोशात शोधत होतो. आणि पुढची पिढी? मी माझ्या मुलीला हा शब्द कधी सांगितलाच नव्हता. साखळीचा तुटलेला दुवा मीच होतो.

मृगशीर्षाला 'आग्रहायणी' असेही जुने नाव आहे. हायन म्हणजे वर्ष. वर्षाचा आरंभ मृगाशी जोडणाऱ्या अशा खुणांवरून लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या 'ओरायन' या ग्रंथात मांडले की, वेदातील काही भाग रचला गेला तेव्हा वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हाचे सूर्याचे स्थान, मृगात होते. ते त्यांनी इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षे इतके मागे नेले. हा काळ सर्वच विद्वानांनी मान्य केला असे नाही. पण संपात मागे मागे सरकतो, हे निर्विवाद आहे. तो सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो आणि सुमारे २६,००० वर्षांत पूर्ण फेरी करतो. आज २० किंवा २१ मार्चला सूर्य उत्तराभाद्रपदेत असतो. आपला वसंत आकाशातसुद्धा एका जागी थांबत नाही!

व्याधाच्या खाली, दक्षिण क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी उंचीवर, आणखी एक तेजस्वी तारा एकटाच दिसतो. तो अगस्त्य. तेजात व्याधाच्या खालोखाल त्याचाच नंबर. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेलेले आणि परत न आलेले अगस्ती ऋषी ते हेच. कथेत थोडे खगोलही आहे. उत्तरेला जावे तसा हा तारा क्षितिजाकडे झुकत जातो. पुण्यामुंबईहून तो दोन मुठी वर असेल, तर दिल्लीहून मूठभरच दिसतो. अगस्ती खरोखरच दक्षिणेचे रहिवासी आहेत.

विळा, बाज आणि तीन चोर

आता मान मागे टाकून डोक्यावर पाहा. जवळजवळ बसलेले दोन सारखे तारे दिसतील. हे पुनर्वसू. त्यांच्या दक्षिणेला, व्याधाच्या वरच्या बाजूला प्रश्वा, आणि वायव्येकडे पिवळसर ब्रह्महृदय. पुनर्वसूकडून पूर्वेला उतरू लागले की वाटेत पुष्य लागते. ते डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखे दिसते, तेही अंधार चांगला असेल तरच. पण साधी दुर्बीण लावली की तो ठिपका फुटून ताऱ्यांचा चुरा होतो. आणखी पूर्वेला मघा. मघेचा आकार विळ्यासारखा आहे आणि विळ्याच्या मुठीशी तेजस्वी तारा आहे. खाली शेतात गव्हाची कापणी आणि वर पूर्वेला विळा! मघेच्या मागे पूर्वा आणि उत्तरा या दोन फाल्गुनी येतात. मध्येच कुठे न लुकलुकणारा ठळक तारा दिसला आणि तो वरच्या यादीत बसत नसला, तर तो ग्रह समजावा आणि त्याचे नाव पंचांगाला विचारावे.

गेल्या फाल्गुनात, अमावास्येच्या जरा आधी, मी आईला गच्चीवर नेले. तीन जिने आणि वर गच्चीचा अरुंद जिना. एका हाताला मी, एका हाताला सौ., मागून खुर्ची घेऊन मुलगी. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी आवारातला मोठा दिवा तासभर बंद ठेवायला आढेवेढे घेत संमती दिली होती. आई खुर्चीवर बसली, पदर सावरला आणि वर पाहू लागली.

"एक मोठा दिवा दिसतो," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. तो व्याध होता.

"आणि तिकांडं?"

"त्या जागी नुसतं पुसलेलं आहे. पाटीवरचा खडू पुसावा तसं."

कोणी काही बोलले नाही. मग ती आपण होऊनच मुलीला म्हणाली, "तू तिकडे बघ, त्या बाजूला. म्हातारीची बाज वर आली का?" तिने हात केला तो अचूक ईशान्येला. तिथे सप्तर्षी नुकते उगवत होते.

"चार तारे दिसतात, आजी."

"ते बाजेचे चार खूर. तीन चोर ती बाज पळवून नेतायत. चोर मागनं येतील, जरा थांब."

आणि खरेच, अर्ध्या-पाऊण तासात चौकोनामागून शेपटीचे तीन तारे इमारतींच्या वर आले. डोळ्यांना एक व्याध सोडला तर काहीच दिसत नसताना आईला सगळे आकाश पाठ होते. मला डोळे होते आणि पाठ काहीच नव्हते.

आम्हा शिकलेल्यांना ते सात ऋषी. अनेक घरांतून ती बाज आणि तीन चोर. दोन्ही खरे. बाजेच्या पुढच्या दोन खुरांची रेघ वाढवली की उत्तरेला ध्रुव सापडतो. ध्रुव क्षितिजापासून जितका वर, तितके आपल्या गावाचे अक्षांश: मुंबईला सुमारे १९, नागपूरला २१, पणजीला साडेपंधरा अंश. तीन चोरांतला मधला वसिष्ठ, आणि त्याला चिकटून असलेली बारीक तारका अरुंधती. लग्नात नवरानवरीला जी दाखवतात ती. (मांडवातल्या झगमगाटात ती कुणाला दिसली असेल तर त्यांनी मला अवश्य कळवावे!) नऊच्या पुढे या तीन चोरांची कमान तशीच वाकवत पूर्वेला आणली की नारिंगी स्वाती भेटते आणि तीच कमान आणखी पुढे नेली की शुभ्र चित्रा.

जिना उतरताना आई दोन पायऱ्यांवर थांबली. मला वाटले, दम लागला. "तो तुझा डॉक्टर," ती म्हणाली, "किती दिवसांत घरी सोडतो म्हणाला होता?"

कॅलेंडरवरच्या चार तिथी

आकाश पाहायला वेगळा मुहूर्त शोधायला नको. भिंतीवरच्या कॅलेंडरात चार तिथी आधीच छापलेल्या आहेत.

पहिली महाशिवरात्र. माघ वद्य चतुर्दशी म्हणजे रात्रभर चंद्राचा अडथळा नाही. नाही तरी जागरण करायचेच असते. त्यातला तासभर गच्चीवर करावा. आठ-नऊला मृग वर, आणि मध्यरात्रीनंतर स्वाती-चित्रा बऱ्याच वर आलेल्या.

दुसरी होळी. ही फाल्गुनी पौर्णिमा. त्या रात्री पूर्णचंद्र फाल्गुनींच्या आसपास असतो, म्हणूनच महिना फाल्गुन. मार्गशीर्षाला मृगशीर्ष, पौषाला पुष्य, माघाला मघा, चैत्राला चित्रा. आपले महिने हे पौर्णिमेच्या चंद्राचे पत्ते आहेत. होळीच्या चार-पाच दिवस आधीपासून चंद्राकडे रोज एकाच वेळी पाहा. तो रोज मुठीहून थोडा अधिक पूर्वेला सरकतो, म्हणजे रोज सुमारे एक नक्षत्र. सत्तावीस नक्षत्रांची फेरी तो सव्वासत्तावीस दिवसांच्या आसपास पुरी करतो. नक्षत्रे सत्तावीस का, याचे उत्तर मुलांना पाठ करायला नको. ते गच्चीवरून मोजता येते.

तिसरा गुढीपाडवा. पुन्हा अंधारी रात्र. गुढी उतरवली की पश्चिमेला पाहावे. कृत्तिका, रोहिणी, मृग अशी सगळी वरात मावळतीच्या वाटेला लागलेली असते.

चौथी हनुमान जयंती, म्हणजे चैत्री पौर्णिमा. चंद्राच्या शेजारपाजारी शुभ्र चित्रा. चंद्राच्या उजेडातही ती ओळखू येते.

या चार तिथी ज्याने पाळल्या, त्याला निम्म्या नक्षत्रांची ओळख झाली असे समजावे. पंचांग मग नुसते मुहूर्ताचे पुस्तक राहत नाही. ते आकाशाचे वेळापत्रक होते.

दिवा मालवा

एक अडचण मात्र खरी आहे. शहरात आकाश उरले आहे कुठे? धूर आहे, धूळ आहे. पण सर्वांत मोठा चोर उजेड आहे. जमिनीकडे टाकायचा उजेड आपण बेधडक वर उधळतो आणि मग तारे दिसत नाहीत म्हणून हळहळतो. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. वाघांबरोबर तिथे आता अंधारही राखला जातो. मला या बातमीचा अभिमान वाटला आणि थोडे वाईटही वाटले. जे आईच्या अंगणात फुकट होते, ते पाहायला आता अभयारण्य लागते!

पण सगळेच हरवलेले नाही. प्रदूषणाच्या बाकी प्रकारांना वर्षे लागतात. उजेडाचे प्रदूषण एक बटण दाबले की त्या क्षणी नाहीसे होते. दिव्यावर खाली वळवलेली टोपी बसवली तरी निम्मे काम होते. आणि हेही ध्यानात ठेवावे की तिकांडे, व्याध, रोहिणी, अगस्त्य, मघा, चित्रा, स्वाती हे सगळे ठळक तारे बहुतेक शहरांतूनही, स्वच्छ रात्री, दिव्याकडे पाठ करून उभे राहिले तर दिसतात. आमच्या सोसायटीचा मोठा दिवा आता अमावास्येच्या आगेमागे आठ ते नऊ बंद असतो. सेक्रेटरींनी स्वतःच तसा नियम केला. त्यांच्या नातवाने त्यांना कृत्तिका मोजायला लावल्या आणि त्यांना चारच दिसल्या. तेव्हापासून ते मोजणी पुरी करण्याच्या मागे आहेत.

आईची शस्त्रक्रिया पाडव्याच्या आधी झाली. आधी एकच डोळा. चैत्र वद्यात, चंद्र उशिरा उगवू लागल्यावर, ती पुन्हा गच्चीवर आली. या वेळी जिना चढायला तिने फक्त नातीचा हात घेतला. तिकांडे आता पश्चिमेला बरेच कलले होते. ती कठड्याला धरून उभी राहिली आणि बोटाने मोजू लागली, "एक... दोन... तीन." मग थांबून म्हणाली, "अगदी एका रेघेत नाहीत. पूर्वीही नव्हते."

मघा डोक्यावर आली होती. मी तिला सांगितले, "आई, या ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे ७९ वर्षे लागतात. आत्ता तुझ्या डोळ्यांत शिरला तो उजेड निघाला, तेव्हा तू पाळण्यात होतीस."

"इतका वेळ?" ती म्हणाली. "वाटेत कुणाकडे राहिला होता की काय?"

सगळे हसले. पण ती बराच वेळ मघेकडे पाहत राहिली. मीही पाहत राहिलो. तो उजेड निघाला तेव्हा माझी आई अंगाईच्या वयाची होती. तो वाटेत असताना ती लहानाची मोठी झाली, सासरी आली, तिने अंगणात उभे राहून आम्हाला किती पहाटे उठवले! आणि तो पोचला तेव्हा, थोडक्यात का होईना, पाहायला डोळा तयार होता. त्या मुलाने वर्गात उठून प्रश्न विचारला नसता, तर हे सारे राहूनच गेले असते.

तेव्हा वाचकहो, या नरकचतुर्दशीला पाणी तापेपर्यंत पाच मिनिटे गॅलरीत किंवा गच्चीवर जा. नैऋत्येला तोंड करा आणि मान वर करा. घरात कोणी वडीलधारे असतील तर त्यांनाही बरोबर घ्या आणि त्यांच्याकडे या ताऱ्यांना काय म्हणतात, ते विचारून घ्या. वसंतात रात्री आठला तीच मंडळी पुन्हा भेटणार आहेत.

आमच्या घरी यंदा गजर लावायचा नाही, असे ठरले आहे. नातीने आजीची हाक आत्तापासूनच पाठ करून ठेवली आहे.